दस्तगीर मिस्त्रीच्या पेट्या

विमानातून बॅटरी पाठवायची तर आधी ती कुणीतरी नीट पेटीत भरावी लागते. आमच्या कचेरीत ते काम दस्तगीर मिस्त्री करायचा, आणि दस्तगीरचा मी बारा-तेरा वर्षं मत्सर केला. निवृत्त बुकिंग क्लार्कने दिवाळी अंकात हरवलेल्या पार्सलांच्या गमती लिहाव्यात, अशी संपादकांची अपेक्षा असणार. तशा गमती माझ्याकडे पोतंभर आहेत. पण मनात जे सलतंय ते आधी लिहितो.

मी मूळचा नेसरीचा. तिथल्या शाळेत काही वर्षं मास्तरकी केली, मग साठ सालानंतर कोल्हापूरला आलो आणि लक्ष्मीपुरीतल्या एका माल वाहतूक कचेरीत चिकटलो. खडू सुटला, पण 'मास्तर' हे नाव सुटलं नाही. हमालापासून मालकांपर्यंत सगळे मला मास्तरच म्हणत. कचेरीत इंग्रजी वाचता येणारा मी एकटा. विमानाने जाणाऱ्या मालाचं जाडजूड नियमांचं पुस्तक माझ्या टेबलावर असे, आणि त्याचा मला फार तोरा होता.

हे बॅटरीचं प्रकरण थोडं समजावून सांगतो. बॅटरीत ताकद कोंडलेली असते आणि तिला बाहेर पडायला दोन टोकं असतात. या दोन्ही टोकांना एखादी किल्ली, खिळा किंवा तार एकदम चिकटली, की आतली सगळी ताकद एका दमात बाहेर पडू बघते. मग बॅटरी तापते, कधी कधी पेटते. मोटारीच्या बॅटरीत वर आणखी आम्ल असतं, ते सांडलं की कापड, पत्रा, कातडी काही सोडत नाही. ऐंशीनंतर लिथियमचे सेल आले. दिसायला बोटभर, पण ताकद भलती, आणि आतल्या धातूचं पाण्याशी हाडवैर. रस्त्यात ट्रक पेटला तर ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन उडी मारतो. विमानात उडी मारून जाणार कुठं? म्हणून आमचा सगळा धंदा एवढाच, की प्रत्येक सेल दुसऱ्यापासून वेगळा, टोकं झाकलेली, पेटीत हलायला जागा नाही, आणि आत काय आहे ते कागदावर खरंखरं लिहिलेलं.

दस्तगीर यायच्या आधी पेट्या मीच भरून घेत असे. त्या बऱ्यापैकी असत असं मला वाटे. जोतिबाच्या डोंगरावरचा एक लाउडस्पीकरवाला होता, यात्रेत त्याचे कर्णे वाजायचे. तो एकदा मोटारीची बॅटरी घेऊन आला. मुंबईला दुरुस्तीला पाठवायची होती.

"आत आम्ल आहे का?" मी विचारलं.

"पावणं, थेंब न्हाय बगा. जोतिबाची आण."

देवाची शपथ घातल्यावर झाकणं उघडून कोण बघणार? मी बॅटरी गवतात गुंडाळून, आडवी ठेवून खोक्यात भरली. तेव्हा कोल्हापुरातून विमान नव्हतं. माल ट्रकने मुंबईला जायचा आणि पुढे विमानात चढायचा. सातारा यायच्या आत थेंबाथेंबाने बॅटरी रिकामी झाली. शेजारी एका लग्नाच्या साड्यांची ट्रंक होती. नवरीच्या शालूची चाळण झाली. मुलीचे वडील तो शालू घेऊन कचेरीत आले आणि त्यांनी तो माझ्या टेबलावर पसरला. पुढच्याच आठवड्यात मालकांनी दस्तगीरला आणलं.

त्याचे वडील टांग्यांचे साटे, म्हणजे लाकडी सांगाडे, बनवत. टांगे कमी झाले तसा तो बेकार झाला होता. अंगाने सडसडीत, डोक्याला कायम पांढरा रुमाल, बोलणं थोडं. पहिल्याच दिवशी त्याने माझी जुनी खोकी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "मास्तर, ही कुणी ठोकल्यात?"

"का?"

"न्हाय, इच्यारलं."

एवढंच म्हणाला. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच.

त्याची पेटी पाहण्यासारखी असे, हे तेव्हाही मला कळत होतं आणि म्हणूनच जास्त झोंबत होतं. फळ्यांचे सांधे एकमेकांत असे बसत की बोटाला रेघ लागू नये. आत प्रत्येक वस्तूच्या मापाचे कप्पे. तो खिळे मारत नसे, स्क्रू पिळत असे. आणि झाकणावरच्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत, फळीच्या लांबीला धरून. पंचवीस स्क्रू असले तरी पंचवीसही. मी एकदा विचारलं, हे कशासाठी?

"उगंच. डोळ्याला बरं दिसतंय."

त्या रविवारी मी घरी आमच्या स्वयंपाकघरातली फळी काढली आणि तशीच परत बसवायला घेतली. चार स्क्रू. एक घट्ट बसला तर खाच तिरकी, खाच सरळ केली तर स्क्रू ढिला. दुपारपर्यंत भिंतीला भोकं पडली. बायको म्हणाली, "फळीला काय झालतं म्हणून काढलीसा?" मी तिच्यावरच ओरडलो.

गिऱ्हाइकांचंही तेच. गडमुडशिंगीचे एक म्हातारे वस्ताद होते, तरुणपणी नाव काढलेले पैलवान. आफ्रिकेतल्या भावाला कानातल्या यंत्राचे सेल पाठवायचे म्हणून ते घेऊन आले, तेही तंबाखूच्या पितळी डबीत, दहा-बारा एकत्र कोंबून. मी नियमाचं पुस्तक उघडून सांगितलं, धातूच्या डबीत सेल चालत नाहीत. वस्ताद भडकले. "एवढ्याशा गोळीनं इमान पडतंय व्हय? मला शिकवतोस?" मी पुस्तकातला परिच्छेद मोठ्याने वाचू लागलो. इंग्रजीत. वस्तादांचा हात टेबलावर आपटला, दौत उडाली.

दस्तगीर आतून आला. त्याने टॉर्चचा एक सेल घेतला, त्याच्या दोन्ही टोकांना बारीक तार लावली आणि तो वस्तादांच्या तळव्यावर ठेवला. "वस्ताद, मूठ मिटा. दमानं." वस्तादांनी मूठ मिटली. पाच-सात श्वासांत त्यांनी हात झटकला.

"आयला! चटका बसतोय की!"

"ह्यो एक हाय. तुमच्या डबीत बारा हायत."

वस्ताद मोठ्याने हसले. पुढे ते जेव्हा जेव्हा आले तेव्हा दारातूनच विचारत, "मिस्त्री हाय काय?" मी समोर बसलेलो असे. मला कधी विचारलं नाही.

दस्तगीरला इंग्रजी येत नव्हतं. मराठीही तो अक्षरं लावून लावून वाचायचा. त्यामुळे दर शनिवारी दुपारी मी नियमाचं पुस्तक वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगायचा, असं मालकांनी ठरवून दिलं. मला वाटलं, निदान इथं तरी मी वरचढ राहीन. पण त्याला एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. सहा महिन्यांनी मी एक नियम चुकीचा सांगितला तर तो म्हणाला, "मास्तर, मागं तुम्ही दुसरं सांगितलतं. पान उलटून बगा जरा." मी पान उलटलं. त्याचं बरोबर होतं. त्या दिवशी मी पुस्तक एवढ्या जोरात मिटलं की त्याची शिवण उसवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर कुणीतरी ती दोऱ्याने नीट शिवून ठेवली होती. कुणी ते सांगायला नको.

ऐंशीनंतर काही वर्षांनी कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या विमानतळावरून मुंबईला लहान विमान सुरू झालं. आठवड्यातून काही दिवस यायचं, सोळा-सतरा उतारू बसायचे, मागे थोडा माल. आमच्या कचेरीला मालाचं काम मिळालं. तिथले अधिकारी हेगडेसाहेब, धारवाडकडचे, हसतमुख गृहस्थ. माल चढण्याआधी कागद तपासून वहीत शेरा लिहिणं माझ्याकडे होतं. पेटी रोखण्याचा अधिकारही माझ्याकडे. हातात असा अधिकार आल्यावर मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. पहिल्या चार महिन्यांत मी दस्तगीरच्या तीन पेट्या रोखल्या. एकदा लिहिलं, फळी ओलसर. एकदा लिहिलं, लेबल तिरपं. एकदा वजनात फरक. तिन्ही वेळा हेगडेसाहेबांनी स्वतः पाहिलं आणि पेट्या सोडल्या. तिसऱ्या वेळी ते हमालांसमोर म्हणाले, "मास्तर, मिस्त्रीच्या पेटीत तुम्हाला देव दिसला तरी तुम्ही त्याला तिकीट विचारणार." सगळे हसले. दस्तगीर तिथेच उभा होता. तो हसला नाही, आणि त्याचाही मला राग आला.

यानंतरची गोष्ट एका सकाळची.

उद्यमनगरात एक हुशार कारखानदार होते, त्यांना इंगळे म्हणू. धरणातल्या पाण्याची पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं आणि त्यात परदेशी लिथियमचे सेल वापरले होते. ते यंत्र दूर ईशान्येकडच्या एका धरणावर जायचं होतं. आदल्या दिवशी दस्तगीरने इंगळ्यांच्या कारखान्यात जाऊन यंत्राची आणि सेलची पेटी बांधली. प्रत्येक सेल पुठ्ठ्याच्या वेगळ्या नळीत, टोकांवर चिकटपट्टी. मी कागद तयार केले. सकाळी इंगळ्यांच्याच टेम्पोतून पेटी विमानतळावर आली.

विमान उभं होतं. उतारू शेडमध्ये बसले होते, त्यात एक नवं जोडपं, हळद अजून अंगावर. मी पेटीभोवती फिरलो. आता हे खरं सांगतो, मी खोट काढायलाच फिरत होतो. दुसरा कुठलाही हेतू नव्हता. आणि मला दिसलं, की झाकणावरच्या दोन स्क्रूंच्या खाचा तिरक्या आहेत. बाकी सगळ्या एका रेषेत, हे दोनच आडवेतिडवे.

आधी मला आनंद झाला. चुकला एकदाचा, असं वाटलं. पुन्हा वाकून पाहिलं आणि तो आनंद गळून पडला. दस्तगीर चुकेल, पण अशी चूक तो करणार नाही. त्याचे स्क्रू मी इतकी वर्षं मोजत आलो होतो. हे त्याच्या हातचे नव्हते. म्हणजे त्याच्यामागे कुणीतरी पेटी उघडली होती.

मी हेगडेसाहेबांकडे गेलो. "साहेब, ही पेटी उघडून बघायला पाहिजे."

"का? कागदात चूक आहे?"

"कागद बरोबर आहेत. दोन स्क्रूंच्या खाचा तिरक्या आहेत."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग हसू दाबत म्हणाले, "मास्तर, फळी झाली, लेबल झालं, आता खाचा? विमान खोळंबलंय. पुरे करा."

"साहेब, खरंच सांगतोय. ही पेटी उघडलेली आहे."

"मागच्या तिन्ही वेळा पण खरंच सांगितलं होतंत."

हमालांनी पेटी उचलली. त्यांना आडवं व्हावं की नाही हे ठरेना, कारण मी आडवा झालो तर सगळे काय म्हणतील हे मला माहीत होतं. तेवढ्यात दस्तगीर चहा पिऊन आला. एक हमाल मुद्दाम ओरडला, "मिस्त्री, मास्तरांना तुमचं स्क्रू वाकडं दिसायल्यात!"

मला वाटलं, आता हा सगळ्यांसमोर मला धुऊन काढणार. त्याला पूर्ण अधिकार होता. पण तो धावत आला आणि म्हणाला, "खाली ठेवा." गुडघ्यावर बसून त्याने त्या दोन स्क्रूंवरून अंगठा फिरवला.

"साहेब, ही पिळं माझी न्हाईत."

"अरे, तू पण? दोन स्क्रूंसाठी?"

"माझ्या पेट्यांकडं मास्तरांइतकं कोण बगत न्हाय साहेब. खुद्द मीबी न्हाय. ते वाकडं हाय म्हणत्यात म्हंजे हाय. उघडतो मी."

कुणी हो म्हणायची वाट न पाहता त्याने पेचकस काढला.

झाकण निघालं. वर भरलेला कागदाचा चुरा विस्कटलेला होता आणि त्यात एक प्लॅस्टिकची पिशवी खुपसलेली होती. तिच्यात सात-आठ सुटे सेल, उघड्या टोकांचे, आणि त्यांच्यासोबत नट पिळायचे दोन लहान पाने. धरणावरच्या माणसाला जादा सेल आणि हत्यार मिळावं म्हणून इंगळ्यांनी सकाळी स्वतः पेटी उघडून ते घातले होते, हे मागाहून कळलं. मनात वाईट काही नव्हतं. पिशवीचा एक कोपरा विरघळून पान्याला चिकटला होता. दस्तगीरने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"तापलंय. फावडं आणा."

फावड्यावर पिशवी घेऊन तो शेडपासून लांब, मोकळ्या रानाकडे पळत सुटला. मी वाळूची बादली घेऊन त्याच्यामागे. एक हमाल पाण्याची बादली घेऊन धावला, तेव्हा दस्तगीर एवढ्या मोठ्याने ओरडला की उतारूही उभे राहिले. "पाणी न्हाय! पाणी टाकू नगंस! वाळू!" हे मी त्याला एका शनिवारी वाचून दाखवलं होतं. मला स्वतःला त्या क्षणी आठवलं नसतं.

पिशवी जमिनीवर ठेवून आम्ही वाळू ओतली आणि मागे सरलो. थोड्या वेळाने फाट असा आवाज झाला, वाळू उडाली आणि घसा जाळणारा पांढरा धूर निघाला. मग दुसरा आवाज, मग तिसरा. हेगडेसाहेब शेडच्या दारात पांढरेफटक उभे होते. ते नवं जोडपं एकमेकांचा हात धरून बघत होतं. पेटी चढली असती तर ते विमान तेव्हा आकाशात असतं.

दुसऱ्या दिवसापासून गावभर दस्तगीरचं नाव झालं. फावडं घेऊन पळणारा माणूस सगळ्यांनी पाहिला होता. खाच पाहणारा कुणी पाहिला नव्हता. तो मात्र भेटेल त्याला सांगत होता, "मी काय केलं न्हाय. मास्तरांनी बगितलं म्हणून कळलं." आणि लोक काय म्हणाले असतील? "बघा, माणसाचं मन केवढं मोठं! श्रेयसुद्धा दुसऱ्याला देतोय." तो जितकं खरं सांगे तितका तो मोठा होत जाई आणि मी तितका बारीक. मालकांनी कचेरीत त्याला शाल आणि नारळ दिला. तिथेही त्याने उभं राहून माझं नाव घेतलं. लोकांनी त्याच्या विनयासाठी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यात मीही टाळ्या वाजवत होतो. मला एका वर्षासाठी का होईना, लोकांनी दारातून 'मास्तर आहेत काय' असं विचारायला हवं होतं. एवढंच हवं होतं.

महिन्याभराने मुंबईच्या एका मोठ्या माल वाहतूक कंपनीचं पत्र आलं. त्यांना धोकादायक मालाच्या बांधणीसाठी मुख्य कारागीर हवा होता. हेगडेसाहेबांनी दस्तगीरचं नाव सुचवलं होतं. मालक आजारी होते, त्यामुळे पत्र माझ्याकडे आलं. त्यात विचारलं होतं, या गृहस्थांना नियम वाचून समजतात का, आणि त्यांच्यावर काम पूर्णपणे सोपवता येईल का?

दस्तगीरला पत्र आल्याचं कळलं होतं. त्याच्या मेहुण्याने कुर्ल्यात खोली बघून ठेवली होती. रशीदाभाभींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मुलींच्या शाळेचे दाखले काढायला घेतले होते. तो मला म्हणाला, "मास्तर, जरा बरं लिवा. तुमचं इंग्रजी झ्याक हाय."

मी आठ दिवस ते पत्र खणात ठेवलं. नवव्या दिवशी उत्तर लिहिलं. दोनच वाक्यं. पहिलं, त्यांना नियम वाचता येत नाहीत. दुसरं, माझ्या देखरेखीशिवाय त्यांच्यावर काम सोपवणं सुरक्षित होणार नाही.

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं वाक्य निव्वळ खोटं होतं, आणि ते खरं वाटावं म्हणूनच मी पहिलं आधी लिहिलं. स्वतःच्या हाताने पाकीट चिकटवलं, स्वतः पोस्टात टाकून आलो. वाटेत एका हॉटेलात मिसळ खाल्ली. ती चवीने खाल्ली, हेही सांगायला हवं.

मुंबईहून दस्तगीरला कधी बोलावणं आलं नाही. तीनेक महिने तो रोज टपाल आलं की माझ्या टेबलाकडे बघायचा. मग बघायचा थांबला. एकदा पेटीच्या फळीला रंधा मारताना मान वर न करता म्हणाला, "मुंबैचं काय जमलं नसंल न्हवं, मास्तर?"

मी म्हटलं, "तिकडची माणसं फार शिकलेली लागतात रे."

"व्हय, त्ये बी हाय," म्हणाला आणि रंधा चालवत राहिला.

त्याच वर्षी मुंबईला धोकादायक मालाचं प्रशिक्षण होतं, तिथे मला पाठवलं गेलं. चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. पुढे ते लहान विमान बंद पडलं. आमची कचेरी आखडली, पेट्या बांधणारी माणसं कमी झाली. त्यात पहिला दस्तगीर गेला. मी राहिलो, कारण मला कागद येत होते. नंतर एकदा भाजी बाजारात गेलो तर टोमॅटोच्या खोक्यांच्या ढिगात तो बसलेला दिसला. कच्च्या लाकडाच्या पट्ट्या, वाकडे खिळे, एकेक खोकं दोन मिनिटांत. अशी खोकी एकदा वापरली की जळणात जातात. मी दुसऱ्या वाटेने बाहेर पडलो.

निवृत्तीच्या दिवशी माझ्या भाषणात मी त्याचं नाव घेतलं. सभागृहात तो नव्हता. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. दोन महिन्यांनी एका दुपारी बस धरून गडमुडशिंगीला त्याच्या घरी गेलो. रशीदाभाभींनी बाज टाकली, चहा ठेवला. त्या घरातलं एकही दार करकरत नव्हतं. मी इकडचं तिकडचं न बोलता पत्राची सगळी गोष्ट सांगितली. दोन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली.

भाभी चहा घेऊन दारात आल्या, तेव्हा दस्तगीर म्हणाला, "चहा आत ने. त्ये निघालेत."

"दस्तगीर, मी माफी मागायला..."

"कशाला आलाय तुम्ही?" त्याचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "पोरींची शाळा सुटली. कुर्ल्याची खोली गेली. माझ्या बापानं शिकवलेला हात टमाट्याच्या खोक्यात गेला. मी म्हणायचो, मला वाचता येत न्हाय, माझंच नशीब. धा वेळा सोताला शिव्या दिल्या. आणि तुम्ही?"

"मला तुझं बघवत नव्हतं," मी म्हणालो. दुसरं काही कारण नव्हतंच.

"त्ये मला म्हाईत हुतं. पहिल्या दिवसापासनं म्हाईत हुतं. माणसाला वाटतंय तसं, मी कधी मनावर घेतलं न्हाय. पण लिवायचं कशापायी?"

मी मान खाली घातली. त्याचा राग सरळ होता, तोंडावर येणारा आणि स्वच्छ. माझ्या रागाला आयुष्यात कधी असं उघड्यावर येणं जमलं नाही. त्या बाजेवर बसून, अपराधी म्हणून बसलेलो असतानाही, मला त्याच्या त्या रागाचा हेवा वाटला. माणूस किती खाली जाऊ शकतो ते मला तिथे कळलं.

मी उठलो. उंबऱ्यापाशी त्याने मला थांबवलं.

"मला घरात येऊन, हळू आवाजात सांगताय. त्याचा मला काय उपेग? माझ्याबद्दल वाईट कागदावर लिवलं न्हवं? मग खरं हाय त्येबी कागदावर लिवा. चार लोकांनी वाचाय पायजे असं."

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. रस्त्यात दिसला तर नजर वळवतो. बोलावं असा माझा हक्कही नाही.

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी लगेच होकार कळवला तो यासाठी. मुंबईच्या त्या पत्राला जे उत्तर द्यायला हवं होतं, ते आता देतो. दस्तगीर मिस्त्री यांना इंग्रजी वाचता येत नाही. धोकादायक मालाचे सगळे नियम त्यांना तोंडपाठ आहेत आणि ते का केले आहेत, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजतं. त्यांनी बांधलेली एकही पेटी माझ्या माहितीत फुटली नाही, गळली नाही, तापली नाही. त्यांच्यावर काम पूर्णपणे सोपवावं. त्यांच्या कामावर देखरेखीची गरज नाही, माझ्या तर नाहीच नाही.